निळ्या पाण्याला गढूळ म्हणणारं यान

४ डिसेंबर
शी! हा समुद्र? जन्मभर अमरावतीच्या शाळेत फळ्यावर लिहीत आलो — सागर, अर्णव, रत्नाकर, उदधी! समुद्राची कविता म्हणताना पोरं डोलायची, डोक्यावरच्या पंख्याची घरघरही लाटेसारखी वाटायची. आणि इथे नाकात शिरला तो सडक्या मासळीचा न् डिझेलचा वास. नात स्वराली म्हणाली, "आजोबा, इतकी वर्षं शिकवलात, आता बघा तरी." बघितला. किळस आली.

५ डिसेंबर
स्वरालीचं ते यान — गॅसच्या सिलिंडरला पंख फुटावेत तसं, पिवळं. माणसाशिवाय समुद्रात फिरतं, आपलं आपण परत येतं म्हणे. पोटाखाली एक गोल काच, तो त्याचा डोळा. पाणी स्वच्छ की गढूळ ते सांगतो. बनलं अमरावतीत. निघताना आमच्या सौभाग्यवतीनं, गोदावरीनं, पूजासुद्धा केली त्याची.
बोटीवर मला उलट्या. तंत्रज्ञ नितेश, माझाच जुना विद्यार्थी, हसून बेजार — "सर, कवितेत तं आमाले थेट तळाले नेत होते! आता काहून कठडा धरून राहिले?" गाढव!

६ डिसेंबर
निळ्याशार पाण्याला यान गढूळ म्हणतं! बादलीत घेतलं तर आरपार दिसतं. पुन्हा सोडलं, पुन्हा तेच. लाटांच्या आवाजाला हे लोक 'गोंगाट' म्हणतात. थू!
स्वराली जेवली नाही. परवा मोठे साहेब येणार. जमलं तर ती इथेच राहणार, दोन वर्षं. नाही जमलं तर प्रकल्प बंद, पोरगी घरी. मी गुपचूप परतीची दोन तिकिटं काढली. आनंद झाला — खोटं कशाला लिहू?

७ डिसेंबर
गोदावरीला फोन केला, पोरीची खोली झाडून ठेव म्हटलं. ती हळूच म्हणाली — "अहो, पूजेत त्याच्या डोळ्याले शेंदूर लावला होता मी. तेलातला. पोरगी रागावन म्हणून लगेच पदरानं पुसला. त्यानं तं काही झालं नसन?"
डोळ्याला! दिसत काहीच नाही, पण तेलाचा थर... आणि हे लोक काच नुसती पाण्यानं धुतात.
दिवसभर गप्प बसलो. शेजारच्या खोलीत स्वरालीच्या येरझाऱ्या. आता समुद्राची नाही, माझीच शिसारी येते आहे.

८ डिसेंबर
चहा घेताना सांगून टाकलं. नितेश साबण घेऊन पळाला. यान पाण्याला स्वच्छ म्हणालं!
एक तिकीट रद्द केलं.