समीक्षाची बॅट कोणी निवडायची

मी, साईश भिकाजी च्यारी, वय सव्वीस, राहणार इब्रामपूर, तालुका पेडणे, सध्या शारजाबाहेर समुद्रात नांगरलेल्या जहाजावर खलाशी, हा कागद पूर्ण शुद्धीत, कोणी बोट धरून लिहवून न घेता, माझ्या हाताने लिहितो. सातवीपर्यंतच शिकलो, चुकांना हसू नये.

मला एका जागी बसवत नव्हते म्हणून बाबांची सुतारकी सोडून दर्यावर आलो. आता मालक गायब आहे आणि जहाज रिकामे सोडता येत नाही म्हणून बावीस महिने आम्हाला उतरू देत नाहीत. किनाऱ्यावरच्या गाड्या दिसतात. शंभर पावले जातो, शंभर परत येतो. घरी बोलायला कप्तानाचा फोन, त्यात फक्त आवाज. आता तळाला पाणी येते, पंप मधेच बंद पडतो, म्हणून हे लिहून ठेवतो. आमचा आजारी आचारी, केरीचा अनंत, याला उद्या सोडणार आहेत. तो कागद घरी देईल.

१. घरात माझा जो हिस्सा निघेल तो आईला, सरस्वतीला.

२. बाबांसाठी. धाकटी बहीण समीक्षा हिला मी वास्कोहून पहिली बेसबॉलची बॅट आणली. तुम्ही ती दसऱ्याला रंधा-करवतीबरोबर पूजेत ठेवली आणि दृष्ट लागू नये म्हणून घरच्या रीतीने दांड्यात तांब्याचा खिळा ठोकला. पंचांनी ती बॅट बाजूला काढली. पोर सगळा सामना बाहेर बसली. तुम्ही वर म्हणालात, "पंच काय सुतार आसा? माझ्या कामात खोट काढणारो तो कोण?" पुढच्या बॅटीला हात जोडा, हातोडा लावू नका.

३. इथे जहाजावर माझ्या बिछान्याखाली ठेवलेली बॅट समीक्षाला. अमेरिकेच्या बंदरात चार तास सुट्टी मिळाली तेव्हा निवडली. ती खेळते त्या बेसबॉल लीगच्या नियमांचा कागद तिने पाठवला होता: लांबी, वजन, जाड भागाची रुंदी, मान्यतेचा शिक्का. सगळे मोजले, शिक्का दोनदा पाहिला. अठ्ठावीस इंच. यंदा तिने याच बॅटीने खेळावे.

इथवर लिहिले तेव्हा अनंत बॅट चादरीत गुंडाळत होता.

"चेडू केवढां आसा रे, तुझी भयण?"

मी छातीजवळ हात धरून दाखवला.

"ह्यां कधीचां?"

"मी निघालो तेव्हाचां."

"अरे, आता तां तुझ्या खांद्याच्या वर गेलां आसतलां. चौदा वर्षांचां ना?"

मी पेन खाली ठेवले.

कलम तीन रद्द. ती बॅट शाळेतल्या लहान मुलींना द्यावी.

४. माझी मोटारसायकल विकावी. चुलतभाऊ सर्वेशला मात्र नाही. मी गावात असतानाही न विचारता न्यायचा. त्या पैशांत समीक्षाला नवी बॅट घ्यावी. बाबांनी सोबत जावे. नियमांचा यंदाचा कागद न्यावा, शिक्का बघावा. बॅटीची मूठ तिच्या छातीला टेकवून हात बाजूला ताणायचा. बोटे टोकाला पोचली पाहिजेत. जड की हलकी ते ती सांगेल, दुकानदार नाही. दुकानात उभी असेल त्या मुलीचे माप घ्यावे. माझ्याकडे आहे ते माप कोणी विचारू नये.

वरील मजकूर वाचून दाखवला, बरोबर आहे.

सही: साईश भिकाजी च्यारी

साक्षीदार:
अनंत विठू केरकर, केरी, आचारी
राजेश सुभाष पाटील, बेळगाव, इंजिन खात्यात

ठिकाण: जहाजावर, शारजाबाहेर
तारीख: १४ जून २०२५