गॅसच्या जहाजावर उदबत्ती

दांडी,
८ जून २०२५

चि. दीपिकास,
आत्याचे भरपूर आशीर्वाद आणि गालाला एक चिमटा. वि. वि.

तुझा फोन आला की तुझा बाबा रागाने उठून ओट्यावर जातो, म्हणून मी पत्रांचा घाट घातला. शेजारच्या साखरबाईला मी तुझं पत्र मोठ्याने वाचून दाखवते आणि हा पलीकडे जाळं विणत सगळं ऐकतो. परवा मुद्दाम चार ओळी गाळल्या, तर विणणं थांबलं.

तुझं जहाज गॅसवर चालतं, हे काही त्याच्या पचनी पडत नाही. पोरगी सिलेंडरवर बसून दर्या हिंडते हाय, असं गावभर सांगतो. साखरबाईने तर विचारलं, की गॅस संपला की बोईसरच्या एजन्सीत नंबर लावता का.

आणि तू म्हणे बाबाच्या होकाराशिवाय पुढच्या सहा महिन्यांच्या करारावर सही करणार नाहीस! तो हट्टी, तू त्याच्यावर वरताण. एवढी शिकून इंजिनीअर झालीस ती काय घरी बसायला? तिथले नियम नीट समजावून लिही. साखरबाईला कळलं की त्यालाही कळेल.

माझा लोभ आहेच, बाबाच्या लोभाचं मी बघते.
तुझी,
मंदाआत्या

---

जहाजावरून,
२ जुलै २०२५

ती. मंदाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

साखरबाईला सांग, आमच्याकडे गॅस बर्फालाही हुडहुडी भरेल इतका गार करून, पातळ करून मोठ्या टाकीत ठेवतात. असल्या जहाजांसाठी साऱ्या जगाने मिळून नियम केलेत. गॅसचा पाइप दुसऱ्या पाइपाच्या पोटात असतो आणि मधल्या फटीतली हवा पंखे सतत खेचत असतात. जरा गॅस सुटला की वास घेणारी यंत्रं बोंब ठोकतात, झडपा आपोआप बंद होतात आणि इंजिन डिझेलवर जातं.

आता पुढचं बाबासमोर वाचू नकोस, तुला माझी शपथ. परवा मी आल्यापासून पहिल्यांदाच गॅस भरायचा होता. मोसमातलं पहिलं डिझेल भरताना आपल्या होडीत इंजिनापुढे उदबत्ती लागतेच ना? गॅसजवळ फोन चालत नाही म्हणून मी शहाण्यासारखा तो खोलीत ठेवला, आणि खिशात उदबत्तीचा पुडा आणि काडेपेटी घालून निघाले. गॅस भरायच्या जागेच्या दारावर तपासणीत आमच्या सेकंड इंजिनीअरांना ती काडेपेटी सापडली. विंचू धरावा तशी त्यांनी ती दोन बोटांत धरली. आमच्यात रीत आहे असं मी सांगितलं, तर म्हणाले की देवाला इथून हात जोड आणि मागे फिर. मग कप्तानांसमोर सगळे नियम तोंडपाठ म्हणावे लागले. पुन्हा काडी दिसली तर थेट घरी, असं बजावलंय. लाजेने मेले गं आत्या! खानसामा तर मला भटजी म्हणतो.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी भाची,
दीपिका

---

दांडी,
१४ ऑगस्ट २०२५

चि. दीपिकास,
आशीर्वाद. चिमटा या खेपेला दोन्ही गालांना. वि. वि.

शपथ मोडली. गाळणारच होते, पण काडेपेटीपाशी हसू फुटलं आणि साखरबाईने पदर तोंडात कोंबला. तुझा बाबा जाळं टाकून आत आला आणि पुन्हा वाच म्हणाला. वाचलं. ठसका लागेपर्यंत हसला. मग म्हणाला, की जे जहाज माझ्या पोरीची उदबत्ती पन आत घेत नाय, ते जहाज नीट हाय.

त्यानंतर जे सुरू झालंय ते विचारू नकोस. होडीतली शेगडी डिझेलच्या कॅनपासून लांब गेली. डिझेल भरताना रामनाथच्या तोंडातली विडी काढून हा समुद्रात फेकतो. तो इतक्या वर्षांचा आपला जुना खलाशी, आता धक्क्याच्या टोकाला जाऊन फुगून बसतो. उदबत्ती लागते, पण वाळूत, होडीपासून लांब. शेजारच्या होड्यांनाही हा दरडावून येतो. गाव त्याला सायब म्हणू लागलंय आणि त्याला ते आवडतंय.

खालची जागा त्याने मागून घेतली आहे. लोभ त्याच्याच हातचा घे.
तुझी,
मंदाआत्या

चि. दीपिका,
बाबाचा आशीर्वाद.
मी रागावलो नव्हतो, भ्यालो होतो. दर्याला कधी भ्यालो नाय, तुझ्यापायी भ्यालो. गावात सांगू नको. सही कर.
तुझ्या जहाजाचं नाव काय? एवढे दिवस मी विचारलंच नाय. नारळी पुनवेला आमी दर्याला नारळ देतो तेव्हा होडीचं नाव घेतो, यंदा राहिलं, पुढल्या पुनवेला तुझ्या जहाजाचं पन घ्यायचं हाय.
विनोद