दुसऱ्या कडव्यातला श्वास

३ फेब्रुवारी

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

सोबत कॅसेट पाठवते आहे. तुझं नवं गाणं चारदा म्हटलं, त्यातला बरा प्रयत्न ठेवला. चाल तू बांधायची आणि गायिकेला शिकवण्यापुरतं कच्चं गाणं मी म्हणायचं, हा आपला जुना शिरस्ता. तुझा आवाज ऐकून ती बाई पळून गेली असती, हेही खरंच. गाणं मला फार आवडलं. सोडून गेलेल्या माणसाचा कोट खुंटीवर तसाच ठेवणारी बाई डोळ्यांपुढे उभी राहिली.

एक चूक राहिली आहे. दुसऱ्या कडव्यात ओळीच्या मधोमध माझा श्वास तुटलाय. तिथं थांबायचं नाही, हे गायिकेला बजावून सांग. शाळेत दिवसभर पोरींना गाणी शिकवून घसा बसतो, दुसरं काही नाही. यांचं बरं चाललं आहे. वेळेवर जेव, असं तुला सांगायची गरजच नाही.

माया आहेच, तिला अधूनमधून पत्राचं पाणी घालत जा.

तुझी,
ताई

२० जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गाणं तू रेडिओवर ऐकलंच असशील. न ऐकून सांगतेस कुणाला! इथे न्हावी गुणगुणतो, बेकरीवाली गुणगुणते, बसचा ड्रायव्हर सिग्नलला थांबून गुणगुणतो. पण गंमत ऐक. गायिकेने तुझ्या कॅसेटवरून गाणं उचललं ते त्या तुटलेल्या श्वासासकट. मी चारदा अडवलं. ती म्हणाली, मला हे गाणं त्या जागीच कळलं, तिथं मी थांबणारच. निर्माता लालबुंद झाला, पण मी तिला तसंच गाऊ दिलं.

आता लोक त्याच जागेवर डोळे पुसतात. एका समीक्षकाने तर संगीतकाराने मोठ्या जाणतेपणाने ठेवलेल्या या विरामावर अर्धा रकाना लिहिलाय. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मीच.

मात्र तीनदा फोन केला, तिन्ही वेळा भावजींनीच उचलला आणि तू बाहेर गेल्याचं सांगितलं. माझ्यावर रागावलीस का? रागावली असलीस तरी दोन ओळी लिहून राग कळवावा, ही विनंती.

तुझा,
ढब्बू

१ जुलै

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

रागावले नाही रे. मला फोनवर बोलता येत नाही म्हणून तुझे भावजी खोटं बोलले, तेही माझ्या सांगण्यावरून. गळ्यात गाठ होती. ती श्वासनलिकेला दाबत होती, म्हणून तेव्हा ओळ पुरी झाली नाही. तुला सांगितलं असतं तर सगळं टाकून धावत आला असतास आणि गाणं राहिलं असतं. मेमध्ये ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, जीव वाचला. पण आवाजाची नस दुखावली. आता कुजबुजण्यापलीकडे काही यायचं नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. शाळेने मला ग्रंथालयात बसवलंय.

मधल्या सुट्टीत पोरी तुझं गाणं म्हणतात. माझा श्वास तुटला त्या जागी सगळ्या मिळून श्वास घेतात. हसू येतं आणि नकळत त्यांच्याबरोबर मीही घेते.

एकच मागते. ती कॅसेट परत पाठव. जन्मभर गायले, पण स्वतःचा आवाज कधी जपून ठेवला नाही. माझं गाणं मला एकदा ऐकायचंय.

वाट पाहते आहे, उशीर करू नकोस.

तुझी,
ताई

९ जुलै

ती. ताईस,
सा. न.

कसं लिहू कळत नाही. कॅसेट आहे, पण तिच्यात तुझं गाणं नाही. रेकॉर्डिंग झाल्यावर आठवड्याभरात नवी चाल सुचली. हाताला लागली ती कॅसेट घेतली आणि वर माझं रेकणं भरलं. या धंद्यात सगळे हेच करतात, तुझ्या आधीच्या कॅसेटचंही मी हेच केलं. पक्कं झालं की कच्च्याला कोण विचारतं? क्षमा मागायला तोंड राहिलेलं नाही.

माझी चाल लहान होती. ती संपल्यावर टोकाला तुझं थोडं उरलंय. गाणं म्हणून झाल्यावर तू टेप बंद करायला विसरली असावीस. त्यात तू भावजींवर ओरडते आहेस, त्यांनी गॅसवरचं दूध उतू घालवलं म्हणून. तेवढंच. मी ऐकलं आणि लहान पोरासारखा रडलो. कॅसेट पाठवतो आहे. हवं ते बोल, पण लिहिणं थांबवू नकोस.

तुझा अपराधी,
ढब्बू

१८ जुलै

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

कॅसेट पोचली. तुझा इतका संताप आला होता की दोन दिवस पुडकं फोडलंच नाही. रविवारी सकाळी यांनीच फोडलं.

किती कर्कश ओरडते रे मी! इतक्या वर्षांत कुणी सांगितलं कसं नाही, असं कागदावर लिहून यांना विचारलं. हे म्हणाले, रोज सांगत होतो, पण तुझ्या आवाजापुढे माझा ऐकू जात होता कुठे? दोघेही पोट धरून हसलो. मग हे उगाच स्वयंपाकघरात गेले, कपाटाची उघडझाप करत बराच वेळ तिथंच राहिले. परत आले ते न विचारता टेपपाशी बसले, फीत मागे नेली आणि मी त्यांना ओरडते ते पुन्हा लावलं.

माझा राग अजून पुरता गेलेला नाही. तो न्यायला समक्ष ये.

तुझी,
ताई