माशाचा उरलेला अर्धा दगड

मी, खाणीपलीकडच्या वस्तीत राहणारी, दगड ठोकून आत काय आहे ते आवाजावरून सांगते म्हणून जिला सगळे टकटक आजी म्हणतात, वय ऐंशीच्या पुढे, हे मृत्युपत्र गुरुजींना सांगून लिहवून घेत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांचं विचारत नाही.

१. राहतं घर दोन्ही मुलांना सारखं. मधे भिंत घालायचीच असेल तर दोघांनी मिळून घालावी, म्हणजे जन्मात एक काम तरी मिळून होईल.

२. पितळी डबा मोठ्या सुनेला. वीस वर्षं तिचा डोळा आहे त्याच्यावर. झाकण बसत नाही, हे तिला आधी सांगू नये.

३. हातोडी आणि दोन्ही छिन्न्या नातीला. "पोरीला हातोडी कशाला?" असं धाकट्याने म्हणू नये. त्याला अजून दगड आणि वीट यांतला फरक कळत नाही.

४. आता मुख्य. शहरातल्या संग्रहालयात दारासमोरच काचेत दगडातला मासा ठेवला आहे. तो दगड मी हेरला, मीच फोडला. पाटीवर नाव संग्रहालयाच्या साहेबांचं, ज्यांनी त्या दिवशी फक्त छत्री धरली होती, तीही स्वतःवर. तेवीस वर्षं दर वर्षी जाऊन विचारलं, "साहेब, पाटीवर माझं नाव आहे ना?"

"आहे की आजी. हे काय तुमचं नाव."

मी त्या अक्षरांवरून हात फिरवून परत यायची. गेल्या महिन्यात नात बरोबर होती. ती म्हणाली, "आजी, इथे 'काचेला हात लावू नये' असं लिहिलंय."

दगड फुटला की मासा दोन्ही बाजूंना उमटतो. दुसरी बाजू हरवली, असं मी साहेबांना तेव्हाच सांगितलं होतं. ते अजून शोधताहेत. ती आमच्या मोरीत पालथी आहे, तिच्यावर या घराचे कपडे धुतले जातात.

ती बाजू नातीची. पाटीवर "टकटक आजीने शोधला" असं त्यांनी लिहिलं आणि नातीने ते साहेबांसमोर मोठ्याने वाचलं, तरच ती संग्रहालयाला द्यावी. तोवर तिच्यावर चादरी आपटाव्यात.

गुरुजी विचारतात, "आजी, चादरींचं गाळू का?" गाळू नका. आणि आता सगळं पहिल्यापासून वाचून दाखवा. तुम्ही नाही, नात वाचेल.

नातीने वाचलं. बरोबर आहे. अंगठा करते. माशाला तरी कुठे सही येत होती?

टकटक आजी (डाव्या हाताचा अंगठा)

साक्षीदार:
१. समोरचा शिंपी (सही)
२. शेजारची सुईण (अंगठा)

लिहिणार: वस्तीच्या शाळेचे गुरुजी (सही). चादरींचं वाक्य ठेवलं आहे.

ठिकाण: आमच्या मोरीचं दार
दिनांक: ९ फेब्रुवारी, सोमवार