शिमेभाऊंच्या हवाली केलेली तक्रार

शिमेभाऊ,

रविवार, १४ मे २०२३, दुपारी एक वाजून चाळीस मिनिटं. तुमच्या नातवाच्या चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनच्या विधीचं जेवण चाललं होतं. कोकराचा तुकडा तोडत तुम्ही कारखान्याच्या मालकाला म्हणालात, "सार्डिन माशांच्या जुन्या डब्यांवर तुम्ही नव्या तारखा चिकटवता, अशी आमच्या नेव्हेनाची तक्रार आलीय. आईसारखी नन्सच्या शाळेत गेली असती तर तोंड मिटायला शिकली असती!" सगळे हसले. मी बटाटे वाढून घेतले.

सोमवारी माझ्या लेकीला, नेव्हेनाला, कारखान्यातून काढलं.

नव्या कायद्याप्रमाणे तक्रारी गुप्त ठेवणारा माणूस कामगारांनी सुचवायचा होता. मी कारखान्यातून निवृत्त होण्याआधी तुमच्यासाठी सह्या मीच गोळा केल्या. "नेव्हेनाचा बाप्तिस्म्याचा धर्मपिता आहे, तो बोलेल होय कुठं?" असं सांगत फिरले. मालकाच्या मुलाचेही धर्मपिता तुम्हीच, हे सगळ्यांना माहीत होतं. कुणालाच त्यात वावगं दिसलं नाही.

नेव्हेना माझ्याशी बोलत नाही. मला रडू येत नाही.

तुमच्याविरुद्धची तक्रारही तुमच्याच तक्रारपेटीत टाकायची, असा नियम आहे. म्हणून हे पत्र माझ्याकडेच राहील. तरीही तिचं नाव का सांगितलंत, याचं लेखी उत्तर मला शनिवारी, २७ मे रोजी, दुपारी बाराच्या आत हवं.

विन्का