मंगल अध्यायावर समाप्ती

ज्येष्ठ शुद्ध दशमी, शके १८६८. प्रातःकाळ.
काल दिवेलागणीस ‘उत्तर-शशिवर्धनविजय’ या ग्रंथाचा पहिला मसुदा पूर्ण झाला. पत्रे चारशे अकरा. अखेरचा शब्द लिहून लेखणी इष्टलिंगापुढे ठेविली. सर्वांगास कंप सुटला होता. शांताक्का म्हणाली, “सकाळधरनं पोटात काय न्हाय, दुसरं काय व्हईल?” कंपाकंपांतील भेद धर्मपत्नीस समजावून सांगण्याचा विचार सोडला. भाकरी खाल्ली. कंप गेला.
संकल्प: मसुदा लाल बासनात बांधून एक महिना देवघरात ठेवणे. दर्शन नाही, स्पर्श नाही. लोणचे मुरल्यावाचून वाढू नये, ग्रंथाचेही तसेच.

ज्येष्ठ शुद्ध द्वादशी.
बासन सोडले. केवळ एक विशेषण बदलावयाचे होते. सायंकाळपर्यंत बसलो. विशेषण पूर्वीचेच बरे होते.

ज्येष्ठ पौर्णिमा.
महांतप्पा येऊन गेला. आडत-दुकानदार, माझा बालमित्र. तराजू धरणाऱ्या हातांस सरस्वतीचा स्पर्श क्वचित होतो, त्याला झाला आहे. म्हणाला, “अप्पा, पयला भाग म्या तीन येळा वाचलाय. दुसऱ्याची लई वाट बघतोय.” नऊ वर्षांपूर्वी सोलापुरास छापवून आणलेल्या ‘शशिवर्धनविजया’च्या प्रती मी स्वतः घरोघर नेऊन दिल्या, त्या श्रमांचे हे फळ.
ठरविले. श्रावणात महादेवाच्या देवळात सात दिवस नव्या ग्रंथाचे पारायण. पहिल्या भागाच्या वेळी सभामंडपात पाय ठेवावयास जागा नव्हती.

ज्येष्ठ वद्य चतुर्थी.
या राज्यात चार माणसे जमवून काही वाचावयाचे, तर सरकारची परवानगी लागते. अर्जी आणि मसुदा कचेरीत दिला. मराठी लिखाण पाहून त्याचा उर्दूत अहवाल करणे, हे काम दस्तगीर मुन्शीकडे आहे. पान खातो. ज्यास नऊ रसांपैकी एक तांबूलरसच ठाऊक, तो माझ्या ग्रंथाची परीक्षा करणार! निमूटपणे कागद पुढे केले. काळ कठीण आहे.

ज्येष्ठ वद्य एकादशी.
मुन्शीने बोलावणे पाठविले. वाटले, विरहवर्णनाने पाझरला असेल. चारचौघांत मला म्हणतो, “अप्पा, तुमचा शशिवर्धन पयल्या भागात मांजरेत बुडून मेला. हितं त्याच्या पोराचं बारसं हाय. मेलेला मानूस बाप कसा झाला? सायब इचारतील, ह्यात काय खुफिया इशारा तर न्हाय?”
मी म्हणालो, ग्रंथकर्ता तू की मी? शशिवर्धन बुडाला नाही. त्याचा विवाह झाला.
त्याने दप्तरातून पहिला भाग काढला. नियमाप्रमाणे एक प्रत मीच तिथे दिली होती. पान २८६. बुडाला आहे. माझ्याच शब्दांत बुडाला आहे. मोठ्या ऐटीत, दोन उपमा आणि एक दृष्टांत यांसह.
घरी आलो. जेवलो नाही.

ज्येष्ठ वद्य द्वादशी.
उलगडा झाला. दोष माझा नाही, रूढीचा आहे. पोथीची समाप्ती मृत्यूवर करू नये, मंगल अध्यायावर करावी, असा आपला दंडक. नऊ वर्षांपूर्वी पारायणाच्या सातव्या दिवशी वडीलधारी मंडळी अडून बसली: “अप्पा, देवळात कुनाला मारू नगासा. पुढं जेवनं हायती.” तेव्हा छापील पानावर डोळे ठेवून मी तोंडाने त्यास नदीबाहेर काढले आणि त्याचे लग्न लाविले. लोक गहिवरले. तेव्हापासून मीही तोच शेवट खरा धरून चाललो. छापील ग्रंथ पुन्हा उघडला नाही. जो निर्दोष आहे, त्याची तपासणी कशास?
परंतु मग, ज्यांच्या घरी प्रती आहेत, त्यांच्यापैकी एकानेही नऊ वर्षांत हे विचारू नये? विनयामुळे विचारले नसेल.

ज्येष्ठ वद्य त्रयोदशी.
विनयाची परीक्षा घ्यावी म्हणून शाळेच्या बलभीम मास्तरांकडे गेलो. त्यांनी पहिल्या भागावर दोन पाने अभिप्राय लिहून दिला होता. विचारले, शेवटाविषयी आपले मत? म्हणाले, “अहो, तो विवाहसोहळा! छापील वाचताना तर डोळ्यांपुढं उभा राहतो.”
तेथून महांतप्पाच्या दुकानी. शेवट कसा आहे? “लगीन लागतंय की! तीनदा वाचलंय म्या.” मी म्हणालो, प्रत दाखव. गादीमागच्या कोनाड्यातून काढली. नऊ दसऱ्यांचे हळदकुंकू तीवर साचले होते. उघडू गेलो, तर पाने एकमेकांस चिकटलेली. महांतप्पा तिळभर शरमला नाही. उलट मलाच म्हणाला, “पोथी हाय ती, अप्पा. पोथीची पूजा करत्यात. उघडून बघितल्यावर भाव ऱ्हातो व्हय?”
चाळीस वर्षांची मैत्री. चहा न घेता उठलो. त्यानेही फार आग्रह केला नाही.

आषाढ शुद्ध प्रतिपदा.
आणखी अकरा घरी चौकशी केली. अकरा विवाह. एके ठिकाणी जिलेबीचीही स्तुती ऐकली. ग्रंथात जिलेबी नाही. ती समाप्तीच्या पंगतीत होती.

आषाढ शुद्ध तृतीया.
चिंतनांती स्थिर झालो. पुराणकाळीही अरण्यात हजारो ऋषी असत. ज्ञान मात्र एखाद्यास होई. या पंचक्रोशीत माझा ग्रंथ वाचलेला मनुष्य एकच आहे, आणि तो दस्तगीर मुन्शी आहे. पान खातो म्हणून मी त्यास हिणविले, हे बरे झाले नाही. नऊ वर्षांमागे वाचलेल्या मृत्यूचे पान त्याच्या ध्यानी राहिले. त्यास रसिक न म्हणावे तर कोणास म्हणावे?
संकल्प: मसुदा मुळापासून नव्याने लिहिणे. शशिवर्धन मेलेलाच राहील. गावाची जिलेबी गावास लखलाभ. मी त्या एका वाचकासाठी लिहीन.

आषाढ शुद्ध नवमी.
लेखणी धावते आहे. प्रत्येक वाक्यास मनात विचारतो: हे मुन्शींस रुचेल काय? एक करुण प्रसंग त्यांच्यासाठी वाढविला. शांताक्का म्हणते, “अर्जीचा कागूद आनायचा सोडून ह्ये काय नवंच?” तिला एवढेच सांगितले की, वाचक लाभला आहे.

आषाढ वद्य सप्तमी.
बोटे सुजली आहेत. महांतप्पाने चौकशीस माणूस पाठविला. भेटलो नाही.

आषाढ अमावास्या.
पूर्ण. पत्रे तीनशे अठ्ठ्याण्णव. आयुष्यात याहून चांगले काही लिहिले नाही. या खेपेस मला ते खरोखर ठाऊक आहे.

श्रावण शुद्ध द्वितीया.
धुतलेले धोतर नेसून कचेरीत गेलो. बासन मुन्शींपुढे ठेविले. त्यांनी मागची काही पाने उलटली, शेरा लिहिला आणि परवानगी हाती दिली. भात्यातला अखेरचा बाण काढावा तसा मी प्रश्न काढला: मुन्शीजी, पहिला भाग आपणांस कसा वाटला?
ते दचकले. मग दार लोटून हळूच म्हणाले, “अप्पा, तुमी बुजुर्ग. तुमच्याशी खोटं कशाला? एवढं समदं वाचाया मला घरदार न्हाय का? म्या शेवटची धा पानं बघतो. ज्याला सरकारइरुद्ध काय म्हनायचं अस्तंय, तो शेवटालाच म्हन्तोय. तुमचं तिन्ही शेवट साफ हायती. काळजी करू नगा.”
मी त्यांस नमस्कार केला. का केला, कळत नाही.

श्रावण शुद्ध तृतीया.
परवानगीचा कागद देवघरात आहे. महांतप्पा सकाळी आला. जुने सारे विसरल्यासारखा म्हणाला, “आचारी ठरवून टाकलाय, अप्पा. आवंदा जिलेबी का बुंदी, तेवढं सांगा.” पारायण होणार नाही, असे सांगितले. तो उठून दारापर्यंत गेला. मग म्हणाला, “नगं वाचू. पर जेवनं तरी घालू.”
दुपारी शांताक्का वाती वळीत होती. तिला म्हणालो, बस, पहिल्या भागाचा शेवट तुला वाचून दाखवितो. तिने वाती बाजूस ठेविल्या, पदर नीट केला आणि खरोखरच बसली. तेहतीस वर्षांच्या संसारात मी हे तिला प्रथमच म्हणत होतो, हे मला तिच्या बसण्यावरून समजले. मी वाचू लागलो. काठावरचा निरोप, नावेचे उलटणे, दोन्ही उपमा, दृष्टांत. तिने डोळ्यांस पदर लाविला. नऊ वर्षांत प्रथमच कुणी या मृत्यूवर रडत होते.
थोड्या वेळाने तिने हळूच विचारले, “लई वाईट झालं बगा. पर ह्यो शशिवर्धन कोन?”
मी म्हणालो, अगं, सात दिवस देवळात ज्याची कथा वाचली, तो.
“मी कुठं हुते देवळात?” ती म्हणाली. “सातबी दिवस चुलीम्होरंच हुते.”