कुलूप लावलेलं घर

बुधवार, सकाळ

धाकट्या, अनेक आशीर्वाद.

पोटात काही जातंय ना? कोठडीत अंथरूण तरी देतात का? पहारेकरी पत्र पोचवतो म्हणालाय, म्हणून घाईघाईत लिहितेय. आम्ही शाळेच्या पडवीत आहोत, बरे आहोत. मामंजींनी इथेही कात्री परजली आहे. गिऱ्हाइकांचे कपडेच जळाले, त्यामुळे आता कुणाचा तगादा नाही म्हणतात. हसावं की रडावं!

तू काय केलंस ते सगळीकडे पसरलंय. आग अडवायला साहेबाने तुझ्या पलटणीला आमची घरांची रांग सुरुंगाने उडवायचा हुकूम दिला. दाराला कुलूप म्हणजे घर रिकामं, असं कुणीही समजेल. पण तुला आमच्या घरची खोड ठाऊक. गिऱ्हाईक टाळायला मामंजी मला बाहेरून कुलूप लावायला लावतात आणि आत खुशाल घोरत पडतात. म्हणून तू "आत म्हातारा आहे" असं ओरडत पेटती वात पायाखाली चिरडलीस. तुला धरून नेलं, तेवढ्यात आगीने रांग ओलांडली. आपलं घर गेलं, मागची गल्लीही गेली.

मामंजी सुखरूप, एवढाच निरोप मी तुला धाडला होता. तो खोटा नव्हता. पण अर्धाच होता रे.

भाचीचा ताप उतरला. तुझी आठवण काढते.

काय मेलं हे, हात पुढे सरकत नाही. ऐक. मामंजी आत नव्हतेच. जन्मात पहिल्यांदा त्यांनी एक कोट वेळेवर शिवला आणि तो द्यायला मागच्या गल्लीत मास्तरांकडे गेले. मी विहिरीवर. घर खरंच रिकामं होतं.

पुढची, म्हणजे आपली, रांग उडवणार, आग मागच्या गल्लीपर्यंत पोचत नाही, असं शिपाई मास्तरांना सांगून गेले होते. म्हणून मास्तरांनी अंथरुणाला खिळलेल्या आईला हलवलंच नाही. ती आगीत गेली. मास्तर तोच नवा कोट घालून पलीकडच्या खांबाला टेकून बसलेत. त्यांना पाणी नेऊन द्यायचा मला धीर होत नाही.

हुकूम मोडला म्हणून तुला गोळी घालायचं चाललंय. दुपारी साहेब आम्हाला विचारणार, आत कोण होतं? मामंजी म्हणाले, "मी होतो म्हणून सांगतो. पोरगा सुटेल." मास्तरांनी ते ऐकलं. मग मला म्हणाले, "वहिनी, सांगा तसं. मी मध्ये बोलणार नाही. फक्त माझ्याकडे बघून सांगा."

रात्रभर मी कूस बदलत होते. धाकट्या, मी सांगणार. त्यांच्याकडे बघून सांगणार. त्यांनी मला कधी माफ करू नये.

दुसऱ्याच्या तोंडून कळलं असतं तर तू भडाभडा खरं बोलून बसला असतास, मी ओळखते तुला. आता कळलंय, तरी "आत माणूस होता" हेच म्हण. शेवटपर्यंत तेच म्हण. खरं बोलून मेलेला भाऊ मला नको.

पत्र जाळ म्हणवत नाही. फाडून टाक.

आज दुपारपासून खोटारडी,
तुझी ताई